शेजारणीचं गाणं

प्रेमाचा विनोदी सिनेमा रंगमंचावर आणायचा म्हणजे त्यात दिसेल तिथे गाणी कोंबायची, अशी आमच्या दिग्दर्शकाची ठाम समजूत होती. हा चाळिशीचा गृहस्थ पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूत आलेला, बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत राहणारा. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी त्याने सगळ्यांचा लाडका सिनेमा निवडला आणि चाली लावायला, पेटी वाजवायला मला, जन्मापासून इथल्याच माणसाला, शहराच्या जुन्या चामराजपेट भागातून बोलावलं.

"काका, इमोशन आलं की लगेच साँग," तो म्हणायचा.

मूळ सिनेमात नायिका एकदा नायकाला आपलं जास्तीचं हेल्मेट देते. एक अक्षर बोलत नाही, पण सगळं कळतं. नाटकात ती हेल्मेट हातात धरून सहा मिनिटं गात होती, मागे आणखी चार जणी हेल्मेट घेऊन नाचत होत्या. यमक जुळवायला कुणीतरी 'सोलमेट' शोधून काढला होता. मी चाल लावली आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. इतकं ओरडून सांगायचं तर प्रेम कशाला, मंडईत भाजी विकावी. हे मी प्रत्येक तालमीनंतर बसमध्ये अक्काला ऐकवायचो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाली. तालमीला ती नुसती सोबत म्हणून यायची. "स्वल्प बसते रे इथे," असं म्हणून कोपऱ्यात टेकायची, आणि तिच्या कन्नड मिसळलेल्या मराठीला ही पुण्या-मुंबईची मंडळी खुदुखुदु हसायची. हसू येतंय म्हणूनच दिग्दर्शकाने तिला शेजारणीचं काम दिलं. सिनेमात या शेजारणीचा एकच क्षण आहे. ती नायिकेसाठी डबा घेऊन येते, दाराला कुलूप बघते आणि परत जाते. या शहाण्याने तिथेही गाणं घातलं. शेजारणीचंही कधीकाळी कुणावर मन बसलं होतं म्हणे.

मी चिडूनच चाल लावली. मग अक्काने ते गाऊन दाखवलं आणि कुणीही हसलं नाही.

उभ्या जन्मात तिने भजनं म्हटली, तीही पाचजणींच्या मागे बसून. स्वतःच्या मनाचं म्हणावं असं हे पहिलंच गाणं. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना ती तेच गुणगुणायची. जुन्या रेशमी साडीवर तिने नवा ब्लाउज शिवून घेतला. गल्लीतल्या तीन मैत्रिणींना आग्रहाने बोलावलं, "माझं गाणं आहे" असं सांगून.

प्रयोगाच्या चार दिवस आधी कळलं की नाटक फार लांबतंय.

"काका, एक साँग काढावं लागेल. तुम्हीच सांगा कुठलं."

हेल्मेट, दुसरं काय! पण नायिका म्हणजे दिग्दर्शकाची बायको, आणि ती समोरच बसली होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "शेजारणीचं काढा. सिनेमात ती गातच नाही."

केवढ्या जाणकारपणाने म्हणालो! महिनाभर नाकाने कांदे सोलले होते, ते असे ऐन वेळी उपयोगी पडले. अक्का मागेच डबा धरून उभी होती.

"सरी," म्हणजे 'बरं', एवढंच ती म्हणाली. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्या दिवशी मलाही दिग्दर्शकाला नावं ठेवायचं सुचलं नाही.

प्रयोगात हेल्मेटांना शिट्ट्या मिळाल्या. मग अक्का आली. तिने कुलूप बघितलं. माझे हात पेटीवर होते, पण वाजवायला काही नव्हतं. ती तशीच उभी राहिली, डबा छातीशी धरला आणि परत गेली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. अख्ख्या नाटकात सिनेमातलं म्हणून जे काही उतरलं, ते एवढंच. मला स्वतःची किळस आली.

"काका, तुमचं जजमेंट ग्रेट!" दिग्दर्शकाने मला मिठी मारली.

त्याच्या खांद्यावरून मला अक्का दिसत होती, नव्या ब्लाउजमध्ये, मैत्रिणींच्या घोळक्यात. तुझं गाणं कुठे गेलं, असं त्यांतली एक विचारत होती.

"पाठच होईना गं," अक्का म्हणाली. "ह्याने किती शिकवलं बिचाऱ्याने."