माझा कागद बाबांनी फाडला होता

मंडळी, आज दुपारी जुना राग परत उफाळला.

कांदिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलसाठी लेकीचा फॉर्म भरत होते. खाली ओळ: 'बुडाल्यास जबाबदारी पालकांची.'

चौऱ्याऐंशी साली अंधेरीत बाबांच्या साहेबांच्या बंगल्यात पूल होता. पोहायचं तर घरून असंच लिहून आणायचं. बाबांनी दादाच्या कागदावर सही केली, माझा फाडला. अख्खा मे महिना मी काठावर दादाचा टॉवेल धरून जळत बसले.

आज फोन करून त्याला ऐकवलंच, "तुझी मजा होती रे!"

दादा म्हणाला, "मजा कसली? मीच तुझ्यावर जळायचो. मी बुडालो तर बाबांना चालणार होतं, तू नाही."

फॉर्म अजून समोर पडलाय. सांगा, सही करू की फाडू?