पाखऱ्याचा खुराक

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय—पण सुरुवात वहिनीपासूनच करावी लागेल.

नव्वदच्या दशकात आळ्याला आमचा बैलगाडा होता. त्यातला पाखऱ्या बैल शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, सुटला की लोक हातातला चहा विसरायचे. बैल दादाचा, मिरवायचो मी, पण खुराक वहिनीच्या हातात. ती घोडेगावच्या वरच्या डोंगरातली. थंडीत बाजरीचा भरडा. ऊन तापू लागलं की बाजरी बंद—ज्वारी, तीही भिजवून. रोज सकाळी पाखऱ्याचा कान मुठीत धरून अंगातली ऊब बघायची आणि त्यावरून त्या दिवशीचं घमेलं ठरायचं. एवढी जाण मी पुन्हा कुणात पाहिली नाही, खरंच सांगतो.

मग मला काय झालं? घाई, दुसरं काय! चैत्रातली जत्रा तोंडावर आलेली आणि मला वाटलं, ज्वारीवर बैल थंड पडलाय. बाजरीने रग येते ना—मग द्यावी की! वहिनी रानात गेली की रोज दुपारी मी त्याला गुपचूप बाजरी चारली. ओंजळीने नाही—पाटी भरून.

जत्रेच्या दिवशी पाखऱ्या घाटात निम्म्यावर बसला. तोंडाला फेस, नुसती धाप, अंगाला हात लाववत नव्हता एवढी आग. ट्रॉलीत घालून घरी आणला तेव्हा तो जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं. संध्याकाळी शेणात बाजरीचे अख्खे दाणे दिसले.

"एवढ्या उन्हात बाजरी? तुला कळत न्हाई का गं?" दादा साऱ्या भावकीसमोर वहिनीवर ओरडला.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं—शपथेवर सांगतो. खरं बाहेर आलं असतं तर दादाने मला घरात ठेवलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

"माझ्याच हातनं झालं," ती म्हणाली, आणि पाखऱ्यावर ओली पोती टाकू लागली. नाचणीची आंबील पाजून पाजून तिनेच त्याला उभा केला. आणि मी? पाणी आणून देत राहिलो.

दादाने खुराक तिच्याकडून काढून माझ्याकडे दिला. मला काय येत होतं? तीच चुलीपाशी बसून हळूच सांगायची, "भाऊजी, आज ज्वारी थोडी कमी करा." एक टोमणा नाही कधी.

पुढच्या जत्रेत आमचा गाडा घाटाचा राजा ठरला. दादाने लाऊडस्पीकरवर सांगितलं, खुराक माझ्या भावाचा! स्वतःच्या हाताने मला फेटा बांधायला घेतला. बायकांच्या गर्दीत वहिनी टाळ्या वाजवत होती. मी मान खाली केली—फेटा नीट बसावा म्हणून.