मावशीने बोट ओढू दिलं नाही

माझी मावशी बाइंडिंगखान्यात कागद कापते. कात्रीने नव्हे, अख्खा रीम एका दमात कापणाऱ्या मशीनवर. बायकांनी घड्या घालाव्यात, वह्या शिवाव्यात, मशीनला मात्र बाप्याच हवा, असं तो कारखाना चालवणाऱ्या मास्तरांचं ठाम मत. त्यांच्या नाकावर टिच्चून मावशीने अकरा वर्षं ते मशीन चालवलं.

त्या मशीनचं पातं दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय उतरत नाही. पण त्याआधी कागद दाबून धरणारी एक लोखंडी पट्टी येते, ती पायाच्या पेडलने. पेडलवरून पाय काढायचा, लाकडी ठोकळ्याने गठ्ठा सरळ करायचा, मगच दाबायचं, ही खरी रीत. पण ठोकळा वापरणारा तिथे नवखा ठरे. मुरलेले लोक पाय पेडलवरच ठेवून बोटांनी गठ्ठा सरळ करत. मावशीही मुरलेलीच, तेव्हा चूक तिचीही होती. एका दुपारी मागून कुणीतरी हाक मारली, तिने मान वळवली, आणि पाय दाबला गेला. उजव्या हाताचं मधलं बोट पट्टीखाली सापडलं.

हात सुटल्यावर तिने आधी शेजारच्या बोटातली अंगठी काढली. सूज चढली की अंगठी रुतते, हे तिला ठाऊक होतं. तेवढ्यात मास्तर बाह्या सरसावून आले. दुखावलेलं बोट मास्तरांनी खसकन ओढून सरळ करायचं, असा तिथला दंडकच. आजवर चौघांची ओढली, चौघांचीही वाकडी राहिली. वर ते चौघं ती बोटं कौतुकाने मिरवायचे! नुसतं आठवलं तरी माझ्या मस्तकात तिडीक जाते.

"हलव बघू," मास्तर म्हणाले. "हलतंय ना? मग मोडलेलं नाही. आण इकडे."

"हलतंय, आणि मोडलंयही. मूठ वळायला गेले तर शेजारच्या बोटावर चढतंय." मावशीने हात छातीशी धरला. "ओढायचं नाही."

"मग बस महिनाभर घरी. मशीनवर माझा मेहुणा बसेल, सांगून ठेवतो."

"बसवा. मशीन तुमचं, बोट माझं."

एक्स-रेत हाड तिरकं मोडून फिरलेलं दिसलं. डॉक्टरांनी बोट बधिर करून हाड जागेवर बसवलं, पट्टी बांधली, हात उशीवर उंच ठेवायला सांगितला. चार आठवड्यांनी पट्टी सुटली तेव्हा बोट लाकडासारखं ताठ. मग रोज तीनदा कोमट पाण्यात ते वाकवायचं. मावशी रडायची, बोटाला शिव्या घालायची आणि पुन्हा वाकवायची. मूठ पुरती मिटायला आणखी महिना गेला.

दोन महिन्यांनी ती कामावर गेली, तर मशीनवर मेहुणा. मास्तरांनी घड्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. पण मेहुणाच उठून उभा राहिला.

"ताई, तुम्हीच या. मला याच्यासमोर नुसता घाम फुटतो."

मास्तर त्याच्याकडे खाऊ की गिळू असे बघत राहिले. मावशी मशीनपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यापुढे ठोकळ्याशिवाय इथे कुणीच कागद सरकवणार नाही. मीसुद्धा."

"आणि उशीर झाला तर गिऱ्हाइकाला तू तोंड देणार?"

"देईन."

"हे असले नखरे चालायचे नाहीत. कामाला लाग, नाहीतर घरी जा."

मावशीने मशीनचा मेन स्विच खाली ओढला आणि तिथेच, मशीनला पाठ लावून, जमिनीवर बसली. ना कामाला लागली, ना घरी गेली. शिलाईच्या बायकांनी एकेक करून सुया खाली ठेवल्या. अर्ध्या तासाने मास्तर आले.

"बरं, वापरा ठोकळा. ऊठ आता."

तरी ती लगेच उठली नाही. आणखी पाच मिनिटं तशीच बसून राहिली, आणि त्या पाच मिनिटांनी मास्तरांचा उरलासुरला तोरा उतरला, असं शिलाईवाल्या अजून रंगवून सांगतात.

मी एकदा मावशीला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पाय नुसते लटलटत होते," ती म्हणाली. "म्हणून तर खाली बसले. उभं कुणाला राहवत होतं?"