गोष्ट संपल्यावरचा खेळ

नसीमआपांनी स्वतःच्या मुलीचा जप्त केलेला व्हिडिओ गेम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला होता, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत कुलूप काढून त्या तो स्वतःच खेळायच्या. सबा तेव्हा दहावीला होती. अभ्यासात खोळंबा नको म्हणून केलेली कारवाई, एवढंच त्या आम्हाला सांगत. औरंगपुऱ्यातल्या शालेय पुस्तकांच्या एका घाऊक दुकानात आम्ही दोघी बिलिंगला होतो, समोरासमोर टेबलं. चाळिशी उलटलेल्या या बाई डबा बाजूला सारून, गवतात लपलेल्या कुठल्याशा शेपटीवाल्या प्राण्याला ‘ये राजा, ये’ म्हणून चुचकारतायत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

खेळ साधा होता. गावोगाव हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. प्रत्येक गावात एक उस्ताद. त्याला हरवलं की पुढचा रस्ता उघडणार. तोवर वाटेत कुणीतरी आडवा उभा असायचा: आधी म्हातारीचं औषध आणून दे, आधी पूल दुरुस्त होऊ दे. मला ते आवडायचं, गोष्ट आपल्याला बोट धरून नेते म्हणून. आपांना मात्र त्या माणसाचा भयंकर राग.

“घरी सासरे, इथं मालक, आन् खेळात बी हा बाबा रस्त्यात उभा,” त्या म्हणायच्या. “लवकर उरकून टाकते याची गोष्ट.”

आणि खरंच उरकली. शेवटचा उस्ताद हरला, पडद्यावर नावं सरकली. मी म्हटलं, झालं, आता द्या सबाला परत. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि खेळ पुन्हा चालू केला. आधी बंद असलेल्या गुहा, बेटं, सगळं आता उघडं होतं. कुणी आडवं येत नव्हतं, हे कर ते कर म्हणून सांगत नव्हतं. आपा नदीकाठी मासे पकडत बसल्या, मागं टाकलेल्या गावांत पुन्हा जाऊन घराघरांतून डोकावत राहिल्या.

“पण गोष्टच संपली ना? मग उरलं काय?” मी विचारलं.

“मी उरले ना,” त्या म्हणाल्या.

आयुष्याचंही त्यांनी तसंच ठरवून टाकलं होतं. नवरा लवकर गेलेला. आधी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं बघायचं, मग सबाचं शिक्षण, मग बिडकीनच्या रस्त्याला घेतलेल्या प्लॉटवर दोन खोल्या, मग सबाची शादी. कारखाने येणार म्हणून तिकडच्या माळावर प्लॉटिंगच्या पाट्याच पाट्या झाल्या होत्या. पण लागोपाठच्या दुष्काळात पाणी कुठलं? भिंती अर्ध्यावरच थांबल्या. टँकरवाल्याचा फोन आला की आपा बिल तसंच टाकून पळत आणि धापा टाकत परत येत. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं: “उरकू दे गं सगळं.”

सगळं उरकलं की आम्ही दोघींनी अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूरला मुक्कामाला जायचं ठरलं होतं. जगभरची माणसं येऊन अजिंठ्याची लेणी पाहून जातात, आणि जन्म इथं काढून आपांनी ती पाहिली नव्हती.

सासरे गेले, सबा शिकली, घर कसंबसं उभं राहिलं. शादी झाली, आणि लगोलग आपांना दवाखान्यात न्यावं लागलं. हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनची वेळ आता निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर त्यांनीच मला फोन केला, चल, फर्दापूरला जाऊ.

भर उन्हाळा होता. लेण्यांखालची नदी कोरडी ठाक. आपा चार पायऱ्या चढल्या आणि बसल्या. डोलीवाले विचारत होते, पण माणसांच्या खांद्यावर बसून जायला त्या तयार होईनात. तू जा, बघून ये आणि मला सांग, म्हणाल्या. माझा पाय निघत नव्हता, तर त्यांनी ढकललंच.

मी उतरून आले तेव्हा त्या झाडाखाली ओढणीनं वारा घेत बसल्या होत्या. पहिल्या लेण्यात काय आहे, इथून मी सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

“नंबरानं नको सांगू. जे लई आवडलं ते आधी सांग. आता कोण रस्ता अडवतंय?”

मग मी छतावर रंगवलेल्या, कमळांत बागडणाऱ्या हत्तीबद्दल सांगितलं. गवतात भेटला असता तर सोडला नसता मी, असं म्हणून त्या हसल्या आणि पुन्हा सांगायला लावलं. मग नदीच्या कोरड्या दगडांकडे बघत म्हणाल्या,

“डॉक्टरनं शादीच्या लई आधी सांगितलं होतं, ऑपरेशन करून घे म्हणून. तवा पोरीची तारीख ठरत होती. सबाला नको सांगू.”

मला त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मृग लागायच्या आत आपा गेल्या. बिडकीनच्या रस्त्यावरच्या त्या घराला अजून रंगही लागला नव्हता. बायकांच्या गर्दीतून वाट काढत सबा माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“आंटी, अम्मीला आधीच माहीत होतं का?”

मी नाही म्हणाले. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि मनातल्या मनात आपांशी भांडत होते. अजून भांडते.