मारोती बोलला

मित्रहो, आज दुपारी आसगावला मारोतीकडे गेलो होतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात पूर्व विदर्भात धान कापलेल्या शेतांत रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत, अन् एकदा सिनेमातही, लोकांना पोट धरून हसवणारा हा आपला विनोदी नट.

"लकवा झाला तवापासून मामाजी बोलूनच नाही राहिले जी," सून म्हणाली.

मी त्याचा जुना प्रॉम्प्टर, विंगेतून हळूच ओळी पुरवणारा. शाळेतल्या कवितांसारखे त्याचे संवाद मला अजून पाठ आहेत. त्याच्या कानाशी एक कुजबुजलो. मग तोच संवाद जरा मोठ्यानं म्हटला.

मारोतीचे ओठ हलले. "हळू सांग ना बे... पब्लिक ऐकून राहिली!"

सून हसता हसता रडली.

परतताना एसटीच्या खिडकीतून धानाच्या रिकाम्या बांध्यांत मला माणसंच माणसं बसलेली दिसत होती, पडदा उघडायची वाट पाहत.

तुमच्या ओळखीत असं कोणी गप्प झालंय का? त्याच्या कानाशी तुम्ही काय म्हणाल?