पहिल्या आठवड्याचा निकाल

शाळा उघडायला आठवडाभर राहिला की इंदिरानगरातल्या उत्तराबाईंच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरत नसे. रसवंतीवाल्याकडून मागून आणलेले सोड्याच्या बाटल्यांचे बिल्ले, धुऊन वाळत घातलेल्या कुल्फीच्या काड्या, रिकाम्या काडेपेट्या, लग्नसराई संपल्यावर शेजारपाजारहून गोळा केलेल्या पत्रिका. रंगपंचमीच्या उरल्यासुरल्या रंगात बुडवलेले चिंचोके एका परातीत सुकत असत. ओझरच्या विमान कारखान्यातून दमूनभागून आलेले त्यांचे यजमान आल्हादराव हा सगळा पसारा ओलांडत आत येत आणि म्हणत, "एवढ्या सामानात आमच्याकडे अख्खं विमान उभं राहतं."

"तुमच्या विमानाचा स्क्रू ढिला राहिला तर परत पिळता येतो," उत्तराबाई मान वर न करता म्हणत. "माझ्या पहिलीच्या पोराचा राहिला की तो चौथीपर्यंत ढिलाच."

उत्तराबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेत. गंगापूर रोड सोडून आत वळलं की मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि गुलाबाचे मळे लागत. त्यांच्यामध्ये दोन खोल्यांची ती शाळा. पोरं सगळी माळव्यावाल्यांची, भाजीपाला पिकवणाऱ्यांची. पहिली कोणालाच नको असते, कारण पहिले चार दिवस नुसती रडारड. उत्तराबाईंनी ती मागून घेतली होती. त्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी पाटी नाही, पुस्तक नाही. जुन्या वर्तमानपत्रावर प्रत्येकाने आपला पंजा ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा, आत बाई नाव लिहिणार आणि तो पंजा दोरीवर टांगणार. दुसऱ्या दिवशी खरखरीत पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं डोळे मिटून बोटाने चाचपायची. मग लग्नपत्रिकांतून 'ग' शोधायचा. गणपती तर प्रत्येक पत्रिकेवर असतोच. तिसऱ्या दिवशी रडणं थांबलेलं असे. खोटं कशाला बोला, काम चोख होतं. शेजारच्या गावांतले शिक्षकसुद्धा बघायला येत.

पण या कामाबरोबर बाईंना एक खोड लागली होती, आणि तिलाच त्या आपला गुण समजत. पहिल्या आठवड्यात मूल ओळखता येतं, असं त्यांचं म्हणणं. हा चुणचुणीत, हा मठ्ठ, ही नुसती गोड. शनिवार उजाडेपर्यंत सगळ्या वर्गाचा निकाल त्यांच्या मनात तयार असे, आणि तो फारसा चुकतही नसे. न चुकणाऱ्या माणसाला सांगणार कोण?

त्या वर्षी वर्गात सृष्टी नावाची एक सावळी, बारीक मुलगी होती. आजी, सरुबाई, तिला हाताला धरून आणत असे. वस्तीवर पोरींना शाळेत घालायची घाई कोणाला नव्हती. सृष्टीचा बापही म्हणत होता, धाकटं पोर कोण सांभाळणार? सरुबाईनेच हट्ट धरून नाव घातलं होतं.

गोल बसून चिंचोके मोजायचा दिवस आला. मूठभर घ्यायचे, एकेक मोजून डब्यात टाकायचे. सृष्टीने पहिला चिंचोका टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ, दोन, तीन..."

"थांब, थांब. लाभ काय? एक म्हण."

मुलीने चिंचोका डब्यातून काढून पुन्हा टाकला. "लाभ."

"मग शुभ कुठे गेलं तुझं?" उत्तराबाई हसल्या. बाई हसल्या म्हणून पोरंही हसली. सृष्टीने मूठ मिटून मागे नेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तर तिने चिंचोके हातातच घेतले नाहीत. शनिवारी सरुबाई न्यायला आली तेव्हा नात तिच्या पदराशी उभी होती.

"कशी हाय बाई आमची?"

"गोड आहे हो," उत्तराबाई फळा पुसता पुसता म्हणाल्या. "पण तिला अजून एकसुद्धा येत नाही. यंदा अंगणवाडीतच बसू दे. पुढच्या वर्षी बघू."

रागावून नव्हे, सहजच म्हणाल्या. अंगणवाडीत बसायला निघालेली वस्तीवरची पोरगी पुढच्या वर्षी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच दिसते, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या.

सोमवारपासून सृष्टी आली नाही. पंजा दोरीवर तसाच हलत होता. पाच-सहा दिवस त्याच्याकडे बघून झाल्यावर शाळा सुटताच बाईंनी स्कूटी वस्तीकडे वळवली. अंगणवाडीत तरी बसतेय ना, एवढंच बघायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अंगणात मेथीचा ढीग पडला होता. सरुबाई जुड्या बांधून बाजूला टाकत होती आणि सृष्टी त्या उचलून क्रेटमध्ये रचत होती. रचता रचता मोजत होती, "लाभ, दोन, तीन, चार..." कुठे अडखळत नव्हती. वीस झाले, तीस झाले. क्रेट भरला. दुसरा ओढला आणि पुन्हा, "लाभ, दोन..."

उत्तराबाई स्कूटीशेजारीच उभ्या राहिल्या.

"आजी, ही लाभ का म्हणते?"

"मंग काय म्हनावं? मालाला हात लावताना येक नाय म्हनू बाई. येक म्हनलं की येकच ऱ्हातं. लाभ म्हनायचं, म्हंजी वाढतं. आमच्या सासूनं शिकवलं, मी हिला शिकवलं."

उत्तराबाईंचं माहेर पंचवटीतलं, वडील यात्रेकरूंचे उपाध्ये. त्या घरात बांगडी कधी फुटली नाही, वाढली. कुंकू संपलं नाही, वाढलं. निघणारा माणूस जातो म्हणाला तर आई त्याला परत बसवून 'येतो' म्हणायला लावी. लहानपणी 'तांदूळ संपले' म्हटल्याबद्दल उत्तराबाईंनी स्वतः चापट खाल्ली होती. जिची जीभ अशी घडवलेली, तिने एका पोरीला तीन दिवस भरल्या वर्गात 'एक म्हण, एक म्हण' म्हणून छळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायचं त्यांना सुचलं नाही.

उत्तराबाई गोणपाटावर सृष्टीसमोर बसल्या. "बघ, किती छान मोजतेस. येतंय की तुला!"

सृष्टीने मान हलवली. "मला येत नाय."

"आत्ता मोजल्यास ना जुड्या?"

"हे मोजनं नाय, ह्या जुड्या हायेत. मोजनं शाळंत असतं." आणि मग समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "तुमीच म्हनल्या ना बाई, मला येत नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. बाईंनी सांगितलेली गोष्ट ती बाईंना परत सांगत होती, एवढंच. रागावली असती तर उत्तराबाईंना बरं वाटलं असतं.

"म्या रोज म्हन्ते, जा शाळंत," सरुबाई म्हणाली. "ऐकतच नाय. बाईंना खोटं पाडू का, म्हन्ती."

"बाईंचं चुकलं, सृष्टी," उत्तराबाई म्हणाल्या. "मला तुझं मोजणं कळलं नाही." मुलीचा विश्वास बसलेला दिसला नाही. बाई चुकतात हे तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. शेवटी त्या सरुबाईकडे वळल्या. "आजी, उद्या एक क्रेट शाळेत द्याल? मोजायला मला हिची मदत हवी आहे. बाकीच्या पोरांना जुड्या कशा मोजायच्या ते येत नाही."

हे शेवटचं साफ खोटं होतं. निम्म्या वर्गाचं आयुष्य जुड्यांतच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सरुबाईने डोक्यावरून क्रेट आणला. पोरं गोल बसली, मध्ये सृष्टी. पहिली जुडी उचलून ती थांबली. तेव्हा उत्तराबाईच मोठ्याने म्हणाल्या, "लाभ!" आणि अख्खा वर्ग ओरडला, "लाभ! दोन! तीन!" खिडकीशी उभी सरुबाई पदराने घाम पुसत हसत होती. मग बाईंनी फळ्यावर एकचा आकडा काढला आणि सांगितलं, घरी याला लाभ म्हणतात, शाळेत एक. माणूस तोच, हाका दोन. पोरांना ते लगेच पटलं; प्रत्येकाला घरी एक नाव होतं आणि हजेरीत दुसरं.

सृष्टी शाळेत टिकली. बापाने कुरकुर केली, सरुबाईने ती ऐकून घेतली नाही. बाईंनी शनिवारचे निकाल बंद केले, आल्हादरावांनी विचारलं, "यंदा हुशार कोण, ढ कोण?" तर म्हणाल्या, "मला काय माहीत."

पण एक राहिलंच. तोंडी गणित विचारलं की सृष्टी आधी बाईंच्या तोंडाकडे बघे. उत्तर तिच्या ओठांवर असे, बरोबरच असे, तरी ती थांबे. बाई किंचित मान हलवत, मगच ती बोले. पहिलीत असं झालं, दुसरीत झालं. वर्ग बदलले तरी वार्षिक परीक्षेला उत्तराबाई मुद्दाम तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. ही सवय मोडावी म्हणून नाना उपायही करून पाहिले. पाठमोऱ्या बसल्या, डोळे मिटून विचारलं. मुलगी वाट बघे.

चौथीनंतर ती गावातल्या मोठ्या शाळेत गेली. तिथे वर्गात साठ मुलं असतात, आणि कोणत्याच बाईंना माहीत नाही की हिच्याकडे बघून आधी मान हलवावी लागते.