तांब्याचा म्हणून घेतलेला रेडिएटर

कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवतात, हे मी शिरूरच्या एका सायबर कॅफेत वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली आहे. मग फोटो पाहिले. उघडा डबा, त्यात पारदर्शक नळ्या, नळ्यांत निळं पाणी, आणि खाली चालू ग्राफिक्स कार्ड. मी हबकलोच. ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावला म्हणून लहानपणी मी आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातचा मार खाल्लेला होता.

पण गरज मलाच होती. कारेगावच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला लागल्यापासून एकेक भाग जमवत मी गेम खेळायचा कॉम्प्युटर उभा केला होता. त्यात दोन वर्षं गेली. कवठ्याच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी तो असा तापायचा की ऐन लढाईत बंद पडायचा. एक दिवस ग्राफिक्स कार्ड जळणार, ही धास्ती मला कामावरही सोडत नव्हती. तसलं दुसरं कार्ड माझ्याच्यानं पुन्हा होणार नव्हतं.

मग मी आराखडा काढला. टाकी, टाकीतून पंप, पंपातून प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा पोकळ ठोकळा, पुढं कार्डावरचा ठोकळा, मग पाणी गार करणारा रेडिएटर आणि परत टाकी. रेडिएटरपुढं लाल पेनानं लिहिलं, 'तांब्याचाच'. तांबं आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनिअम हळूहळू खाल्लं जातं आणि शेवटी गळतं, हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं.

आप्पांनी आधी माझं डोकं ठिकाणावर आहे का ते विचारलं. लायटीच्या डब्यात पाणी घालणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. पण दोन दिवसांनी मी कामावरून आलो तर आराखड्यावर पेन्सिलीचा एक गोल होता आणि त्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हवा'. विचारलं तर म्हणाले, नळीत हवा अडकली की पाणी सरकत नाही, टाकी सगळ्यात वर घे. टोमॅटोच्या ठिबकवर दहा वर्षं घालवलेला माणूस. बरोबर होतं त्यांचं. मला धक्का बसला आणि थोडा रागही आला. मी टाकी वर घेतली, पण त्यांना तसं सांगितलं नाही.

ठोकळे कारखान्यातल्या टूलरूमच्या जुन्या कारागिरानं, मामांनी, साहेबांना विचारून, जेवणाच्या सुट्टीत करून दिले. पंप फिशटँकचा. रेडिएटर शिरूरच्या भंगारवाल्याकडून आणला, जुन्या मोटारीच्या हीटरचा, वहीएवढा, वर काळा रंग. तांब्याचा आहे म्हणून त्यानं पोराबाळांची शपथ घेतली. मी घाईत होतो. घरी आणला तेव्हा आप्पांनी तो हातात घेऊन वरखाली करून पाहिला आणि ठेवला.

सगळं एकदा कॉम्प्युटरच्या बाहेर जोडायचं, वर्तमानपत्रावर ठेवून दिवसभर चालवायचं आणि कागद भिजतोय का ते पाहायचं, अशी रीत. चाचणीच तर आहे म्हणून मी शुद्ध पाण्याऐवजी बोअरचंच पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा ठणठणीत. मी आईला सांगितलं, आज पहिली पाळी करून येतो आणि हे सगळं कॉम्प्युटरमध्ये बसवून टाकतो. आप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, ''ह्यो रेडिएटर जरा...''

''आप्पा, यातलं तुम्हाला काय कळतंय? हे ठिबक न्हाई.''

बूट घातले आणि निघालो.

दुपारी चारला परत आलो तर खोलीत ॲसिडचा वास. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचतात म्हणून आमच्याकडे पाण्यातून ॲसिड सोडतात, नळ्या धुऊन निघतात. तो कॅन माझ्या पंपाशेजारी होता. पंप बंद होता. तांब्याचे ठोकळे नव्या भांड्यासारखे गुलाबी झाले होते आणि रेडिएटरमधून बारीक बुडबुडे काढत पाणी झिरपत होतं. वर्तमानपत्राचा लगदा झाला होता. शेजारी पाटावर आप्पा बसले होते.

माझं तोंड सुटलं. माझ्या मेहनतीचं वाटोळं केलंत, शहाणपणा शेतात दाखवा, असं काय काय मी बोललो. आई मध्ये पडली तर तिलाही बोललो. आप्पा उठले, कॅन उचलला आणि झेंडूच्या वावराकडं निघून गेले.

मी रेडिएटर बादलीत टाकून धुतला. गळत होतं तिथला काळा रंग फुगून निघाला होता. नखानं खरवडलं तर खाली पांढरं. स्क्रू ड्रायव्हरनं दुसरीकडं खरवडलं, तिथंही पांढरं. पार आतपर्यंत ॲल्युमिनिअम होतं ते. त्याच दिवशी मी ते माझ्या कार्डाच्या डोक्यावर बसवणार होतो. साधं पाणी तेच काम दोन-तीन महिन्यांत करणार होतं, फक्त तेव्हा खाली वर्तमानपत्र नसतं. लाल पेनानं लिहिणारा मी, आणि एकदा खरवडून पाहायला माझं नख झिजत होतं.

झेंडूत गेलो. आप्पा वाकून ठिबकच्या नळीचं टोक सोडत होते. म्हणालो, ॲल्युमिनिअम निघालं.

''ठावं हाय. तांब्याचा हंडा कवा उचललायस का? ह्यो हाताला जडच लागंना. म्हून ॲसिड सोडलं. तांबं उजळतं, ह्ये उकळतं.''

मी एवढा ओरडत होतो तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारलं. त्यांनी नळीतून आलेलं गढूळ पाणी वाहू दिलं. स्वच्छ पाणी आल्यावर टोक बंद केलं.

''सकाळी सांगत हुतो की.''

मी वाकून पुढच्या नळीचं टोक सोडलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडीवरून शिरूरला गेलो. आप्पांनी खिशात कानस घेतली होती. भंगारवाल्यानं पुढं केलेला प्रत्येक रेडिएटर त्यांनी आधी हातात तोलला, मग कानशीनं घासला. भंगारवाला शपथ घेऊ लागला तर म्हणाले, शपथ राहू द्या. चौथा लाल निघाला. परत येताना तो मांडीवर धरून ते माझ्यामागं बसले. घोडनदी मागं पडली. मग एकदाचं बोललो, ''आप्पा, चुकलं माझं.''

''फुडं बघून चालव,'' ते म्हणाले, आणि रेडिएटर धरलेला हात तसाच ठेवून दुसरा माझ्या खांद्यावर टाकला.